विमानाची पारख

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालय पाहण्यास गेलो होतो. उघड्या आवारात जुनी विमाने ओळीने उभी आहेत. सी हॉक, आलिझे, सी हॅरियर, एका बाजूस चेतक हेलिकॉप्टर, आणि सर्वांच्या वर मान काढून उभे असलेले भले थोरले सुपर कॉन्स्टेलेशन. मुलांचे पाय एका जागी ठरेनात. त्यातच एका विद्यार्थ्याने घरच्या कोकणीतच आम्हास विचारले, "सर, हांतलें सगळ्यांत वेगान खंयचें उडटा?"

प्रश्न स्वाभाविक होता, परंतु त्याचे उत्तर देताना आम्हीच घोटाळलो. कारण तेथील सी हॉक काय किंवा सी हॅरियर काय, दोन्ही सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगापेक्षा कमी वेगाने जाणारी. आपल्या हवाई दलाकडे तर १९६३ सालीच मिग-२१ आले होते, आणि त्याचा वेग ध्वनीच्या सुमारे दुप्पट. मग अशी वेगवान विमाने जगात असताना नौदलाने ही मंद विमाने का पत्करली? त्या दिवशी उत्तर अपुरे राहिले. ते येथे सविस्तर देण्याचा विचार आहे.

विद्यार्थीमित्रहो, नौदलाच्या लढाऊ विमानाला जमिनीवरची तीन-तीन किलोमीटरची धावपट्टी मिळत नाही. कोची येथे बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली विमानवाहू युद्धनौका 'विक्रान्त' उण्यापुऱ्या २६२ मीटर लांबीची आहे. तिच्यावरून उडणाऱ्या विमानास धावण्यासाठी फार तर दोनशे मीटरांच्या आसपास जागा मिळते. उतरताना तर याहून कठीण प्रसंग. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. तो नौकेवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकला पाहिजे, म्हणजे विमान शंभरेक मीटरांत थांबते. आकडा चुकला तर पुन्हा आकाशात झेप घेता यावी म्हणून वैमानिक टेकण्याच्या क्षणी इंजीन मंद न करता उलट पूर्ण जोराने चालवितो. थांबण्यासाठी वेग वाढवावयाचा, ही गोष्ट ऐकून आमचे विद्यार्थी हसले. पण समुद्रावर हेच शहाणपण ठरते.

म्हणजे नौदलाच्या विमानाची पारख वेगापासून सुरू होत नाही, नौकेपासून सुरू होते. १९६१ साली नौदलात आलेल्या पहिल्या 'विक्रान्त'वर वाफेच्या जोराने विमान पुढे फेकणारे कॅटापल्ट होते. गोफणीतून दगड सुटावा तसे विमान सुटे. सी हॉक त्या नौकेस साजेसे होते, आणि १९७१ च्या डिसेंबरात त्याच मंद विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे आपले काम चोख बजावले. पुढे सी हॅरियर आले. ते अगदी थोडक्या जागेतून उडे आणि सरळ खाली उतरे. त्याच्यासाठी 'विक्रान्त'च्या टोकाला चढण बसविण्यात आली. २०१६ च्या मे महिन्यात सी हॅरियरने येथे दाबोळीलाच नौदलाचा निरोप घेतला.

त्यानंतरची कथा अधिक बोधप्रद आहे. रशियाकडून 'विक्रमादित्य' ही नौका घेण्याचा करार २००४ साली झाला, तेव्हा तिच्याबरोबरच १६ मिग-२९के विमाने ठरली आणि २०१० साली आणखी २९ मागविण्यात आली. विमान चपळ, वेग भरपूर, शस्त्रे भारी. कागदावर उणे काढण्यास जागा नव्हती. परंतु भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात दाखवून दिले की, या एकासनी विमानांची सज्जता सुमारे १६ ते ३८ टक्के एवढीच होती. साध्या हिशेबाने सांगावयाचे तर दहा विमाने विकत घेतली, पण कोणत्याही एका दिवशी त्यांतील दोन-तीन किंवा फार तर चार उडण्यास तयार. नंतरच्या काळात ही स्थिती सुधारल्याचे नौदलाने सांगितले, हेही नमूद केले पाहिजे. तरी सुटे भाग कोठून व किती दिवसांत येतात, आपल्या खाऱ्या हवेत इंजीन किती तास टिकते, हे प्रश्न किती मोलाचे आहेत ते त्या आकड्यांनी कळले.

आता घरच्या लेकराची गोष्ट. आपल्याच देशात घडविलेल्या तेजस विमानाची नौदलासाठी वेगळी आवृत्ती तयार झाली आणि तिच्या चाचण्या दाबोळीच्या 'हंसा' तळावर झाल्या. तेथे जमिनीवरच नौकेसारखी चढण व अडविणारे दोर उभारलेले आहेत. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसने तो दोर प्रथम पकडला आणि ११ जानेवारी २०२० रोजी ते भर समुद्रात 'विक्रमादित्य'वर उतरले. वर्तमानपत्रातील ते छायाचित्र आम्ही शाळेच्या फलकावर लावले होते. पण नौदलाने हे विमान युद्धासाठी घेतले नाही! २०१६ सालीच त्यांनी सांगितले होते की, नौकेवरून उडण्याच्या मानाने विमान जड पडते. चढणीवरून उडताना कॅटापल्टचे साहाय्य नसते. जे काही बळ ते इंजिनाचेच. तेजसला इंजीन एकच. पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रे घेऊन ते दोनशे मीटरांत उचलले जाणे कठीण. आम्हास प्रथम वाईट वाटले, हे लपवीत नाही. परंतु अभिमानापोटी अर्ध्या शस्त्रांनिशी वैमानिकाला रणांगणावर धाडणे हे त्याहून वाईट झाले असते. या चाचण्यांतून मिळालेल्या ज्ञानावर दोन इंजिनांच्या नव्या स्वदेशी विमानाचा आराखडा आखला जात आहे.

तोपर्यंत परदेशी विमान घेणे भाग होते. दोन उमेदवार उरले: फ्रान्सचे राफाल-मरीन आणि अमेरिकेचे सुपर हॉर्नेट. दोघेही नामवंत, पण दोघांच्याही देशांत नौकेवर कॅटापल्ट असते. चढणीवरून आपण उडू शकतो हे दोघांनाही सिद्ध करावे लागले, आणि ही परीक्षा आमच्या गोव्यातच झाली. राफालची जानेवारी २०२२ मध्ये आणि सुपर हॉर्नेटची त्याच वर्षी मे-जूनच्या सुमारास. सुपर हॉर्नेटचे पंख घडी घालता येतात, राफालचे येत नाहीत. नौकेच्या पोटात विमाने नेणाऱ्या उद्वाहकाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. तरी पारडे राफालकडे झुकले. त्याचे एक मोठे कारण हे की, हवाई दलाजवळ आधीच ३६ राफाल विमाने होती. तेच सुटे भाग, तीच हत्यारे, तेच शिक्षण दोन्ही दलांना उपयोगी पडते.

संग्रहालयातील चेतककडे मुलांचे फारसे लक्ष गेले नाही, परंतु हेलिकॉप्टरची निवडही अशीच जागा पाहून करावी लागते. त्याची रणभूमी मात्र समुद्रापासून फार दूर. १९९९ च्या कारगिल युद्धात शत्रू उंच शिखरांवर बसला होता. तेथे हवा विरळ. पात्यांनी जिला खाली ढकलावयाचे ती हवाच थोडी. त्या उंचीवर लढणारे खास हेलिकॉप्टर आपल्याजवळ नव्हते. म्हणून मूळच्या वाहतुकीच्या मि-१७ वर अग्निबाण लावून काम भागवावे लागले. २८ मे १९९९ रोजी त्यांपैकी एक पाडले गेले आणि त्यातील चौघे जण धारातीर्थी पडले. त्या उणिवेतून 'प्रचंड' हे स्वदेशी हेलिकॉप्टर जन्मास आले. त्याचे पहिले उड्डाण २०१० साली झाले आणि हवाई दलात ते ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे दाखल झाले. अमेरिकेची २२ अपाचे हेलिकॉप्टरेही आपण घेतली आहेत. ती वजनदार व बलवान आहेत खरी, पण अत्युच्च शिखरांसाठी हलके 'प्रचंड'च अधिक योग्य. मार्च २०२५ मध्ये अशा आणखी १५६ हेलिकॉप्टरांचा करार झाला.

कारगिलपासून जोधपूरपर्यंत मोजा: तेवीस वर्षे! हवाई दलाच्या राफालचेही तसेच. १२६ विमानांसाठी निविदा निघाली २००७ साली. सहा देशी-परदेशी नव्हे, सहाही परदेशी विमानांना बंगळूरची दमट हवा, जैसलमेरचे ऊन आणि लेहची थंडी दाखविण्यात आली. शेवटी करार झाला २०१६ साली, तोही ३६ विमानांचा. पहिली पाच अंबाल्यास उतरली जुलै २०२० मध्ये. परीक्षा कसून घ्यावी याविषयी आमचे दुमत नाही. मात्र निकाल लागेपर्यंत परीक्षार्थी म्हातारा होऊ नये. निर्णय लांबला तसतसे जुन्या मिग-२१ वरच वैमानिकांना उडावे लागले. ते विमान अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले, म्हणजे बासष्ट वर्षांनी. आजोबांच्या तरुणपणी घेतलेले विमान नातवाने उडविल्यासारखेच हे.

किमतीविषयी एक सूचना, विशेषतः गणिताच्या विद्यार्थ्यांना. २८ एप्रिल २०२५ रोजी नौदलासाठी २६ राफाल-मरीनचा करार सुमारे ६३,००० कोटी रुपयांना झाला. ६३,००० ला २६ ने भागून एका विमानाची किंमत काढण्याचा मोह कोणासही होईल. वर्गात तसा भागाकार झालाही. परंतु त्या रकमेत हत्यारे, शिक्षण, सराव-यंत्रे, सुटे भाग व पुढील काही वर्षांची देखभालही आहे. भागाकार बरोबर, उत्तर मात्र फसवे.

या २६ विमानांत २२ एकासनी आणि ४ दोन आसनांची आहेत. ती सर्व २०३० सालापर्यंत मिळावयाची आहेत. आज आठवीत असलेली मुले तोवर महाविद्यालयात गेलेली असतील. मधल्या काळात मिग-२९के विमानेच दाबोळीहून उडत राहतील. ती शाळेवरून जातात तेव्हा फळ्यावरील वाक्य अर्धवट सोडून आम्हास थांबावे लागते, आणि तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी खिडकीकडे पाहून हळूच बोटे मोजतो: एक गेले, दुसरे गेले, आणि परत किती आली.