पेट्रोल कीं डिझेल? घाटांतील मोटारचालकांची निवड

पुण्याहून निघालेली मोटार कात्रजचा डोंगर ओलांडून खेड-शिवापूरवरून पुढें गेली, म्हणजे नसरापूर लागतें. तेथून एक रस्ता पश्चिमेस वेल्ह्याकडे जातो. थोडें पुढें कापूरहोळ येथें दुसरा रस्ता भोरकडे वळतो. भोरच्या पुढें हिरडोशीवरून वरंध घाट उतरला कीं महाड येतें आणि आंबाडखिंड चढली कीं मांढरदेवी. या दोन्ही तालुक्यांत सपाट रस्ता थोडा व चढउतार फार. अशा प्रदेशांत मोटार घेऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढें एक प्रश्न उभा राहतो: गाडी पेट्रोलवर चालणारी घ्यावी कीं डिझेलवर चालणारी? कोणी म्हणतो, "घाटांत डिझेलच हवें." कोणी म्हणतो, "डिझेलचे दिवस आतां संपले." दोघेही आपापल्या अनुभवानें बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यांत कांहीं तथ्य असतें. पुष्कळदां गाडी कर्ज काढून घेतलेली असते. निवड चुकली तर तिचा भार घरच्या मिळकतीवर पडतो. म्हणून या प्रश्नाचा शास्त्राच्या व व्यवहाराच्या अशा दोन्ही दृष्टींनीं विचार करणें विद्यार्थ्यांस व पालकांस सारखेंच उपयुक्त होईल.

प्रथम दोन्ही इंजिनांतील मूळ भेद पाहूं. दोहोंतही एक नळकांडें असतें व त्यांत एक दट्ट्या खालींवर होतो. हवा आंत घेणें, ती दाबणें, इंधन जळून दट्ट्या खालीं ढकलला जाणें आणि जळालेला वायु बाहेर टाकणें, असे चार टप्पे दोहोंतही आहेत. निकोलाउस ऑटो या जर्मन यंत्रज्ञानें १८७६ मध्यें या चार टप्प्यांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें. पेट्रोलचें इंजिन हें त्याचेंच वंशज होय. त्यांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सुमारें एक दशांश जागेंत दाबलें जातें आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीनें तें पेटतें. मिश्रण याहून फार दाबतां येत नाहीं. कारण मग तें भलत्याच वेळीं आपोआप पेटून इंजिनांत ठोके बसूं लागतात.

येथेंच रुडॉल्फ डिझेल (१८५८-१९१३) या इंजिनिअराची बुद्धि चालली. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. हवा दाबली कीं ती तापते. डिझेलच्या इंजिनांत आरंभीं केवळ हवाच घेतात व ती सोळा ते वीस पटींनीं दाबतात. त्यायोगें ती पांचशें अंश सेंटिग्रेडच्याही वर तापते. त्या क्षणीं इंजेक्टर तींत तेलाचा बारीक फवारा सोडतो आणि तेल ठिणगीवांचून आपोआप पेट घेतें. असें इंजिन १८९७ मध्यें जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें यशस्वी रीतीनें चाललें. तें फार जड असल्यामुळें प्रथम कारखान्यांत व जहाजांतच वापरलें गेलें. मर्सिडीज कंपनीनें डिझेलची घरगुती मोटार विक्रीस आणली ती १९३६ मध्यें.

या एका भेदांतून पुढील सर्व गुणदोष उत्पन्न होतात. हवा जितकी अधिक दाबावी तितकें इंधनाच्या उष्णतेचें अधिक काम होतें. उत्तम स्थितींत चांगलें डिझेल इंजिन शंभर भाग उष्णतेपैकीं सुमारें चाळीस भाग कामास लावतें. साध्या पेट्रोल इंजिनाचा वांटा याहून कमी भरतो. शिवाय डिझेल हें जड तेल असल्यानें त्याच्या एका लिटरांत पेट्रोलच्या लिटरापेक्षां सुमारें एक दशांश अधिक उष्णता सांठविलेली असते. म्हणून चालक ज्याला 'अॅव्हरेज' म्हणतात, तें डिझेलच्या गाडीचें अधिक पडतें. परंतु एवढा दाब सोसावयाचा म्हणजे इंजिन मजबूत व जड घडवावें लागतें. फवारा सोडणारा पंप व इंजेक्टर अतिशय सूक्ष्म मापाचे लागतात. त्यामुळें डिझेलची गाडी विकत घेतांना महाग, तिची मोठी दुरुस्तीही महाग आणि तिचा आवाजही अधिक. पेट्रोलचें इंजिन हलकें, शांत, थंडीच्या सकाळीं चटकन सुरू होणारें आणि घेतांना स्वस्त असतें.

आतां घाटाकडे वळूं. चढावर वेगापेक्षां ओढ महत्त्वाची. हल्लींचें डिझेल इंजिन मिनिटास दीड ते अडीच हजार फेऱ्यांतच आपली पुरी ओढ देतें. साध्या पेट्रोल इंजिनास त्यासाठीं बहुधा साडेतीन-चार हजार फेऱ्या घ्याव्या लागतात. म्हणून माणसांनीं भरलेली वडापची जीप किंवा भाताच्या पोत्यांनीं लादलेला टेंपो वळणावर मंदावला, तरी डिझेलवर तो पुन्हां सहज चढूं लागतो. पेट्रोलच्या गाडीस तेथें गिअर खालीं घेऊन इंजिन ओरडावयास लावावें लागतें. टर्बो बसविलेल्या नव्या पेट्रोल इंजिनांनीं ही उणीव पुष्कळ भरून काढली आहे, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

आपल्या भागास डिझेलचा परिचय मोटारीच्याही आधीं पाण्याच्या पंपामुळें झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. नीरेपलीकडे साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यांत स्वातंत्र्यापूर्वींच डिझेल इंजिनें तयार होऊं लागलीं होतीं आणि १९४६ मध्यें पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. नदीकांठच्या मळ्यांत फटफट वाजणारें इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचें झालें. पुढें १९५४ मध्यें टाटांनीं जर्मन कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपूर येथें डिझेलचे मालट्रक बनविण्यास आरंभ केला. पूर्वीं पेट्रोलवर धांवणाऱ्या जीपमध्येंही कालांतरानें डिझेलचें इंजिन आलें. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका ही पिंपरी-चिंचवड येथें तयार होणारी छोटी गाडी बाजारांत आली आणि तिच्या डिझेल नमुन्यानें भाड्याच्या मोटारींच्या धंद्यांत आपलें बस्तान बसविलें.

तथापि चालकांच्या या आवडीचें कारण केवळ यंत्रांत नव्हतें. तें भावांतही होतें. शेती व मालवाहतूक यांस झळ लागूं नये म्हणून सरकार डिझेलचा भाव दीर्घकाळ मुद्दाम कमी ठेवीत असे. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्यें सरकारी नियंत्रणांतून मुक्त झाला. डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्यें. मधल्या काळांत दोहोंच्या भावांत मोठें अंतर पडलें आणि २०१२-१३ च्या सुमारास देशांत विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. पुढें हें अंतर घटलें. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम देशभर लागू झाले व डिझेल गाडीची किंमत आणखी वाढली. मारुती कंपनीनें तर त्याच वेळीं डिझेलच्या मोटारी बनविणें बंद केलें. आतां डिझेल गाड्यांचें प्रमाण सुमारें पांचांत एक इतकें उरलें आहे.

मग निवड कशी करावी? विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब पाटीवर मांडून पाहावा. सोयीसाठीं असें धरूं कीं पेट्रोल लिटरास १०५ रुपये व डिझेल ९० रुपये आहे. पेट्रोलची गाडी लिटरांत १५ किलोमीटर जाते व डिझेलची २०. आणि डिझेलची गाडी दीड लाख रुपयांनीं महाग आहे. पेट्रोलचा खर्च किलोमीटरास ७ रुपये, डिझेलचा साडेचार. म्हणजे प्रत्येक किलोमीटरास अडीच रुपयांची बचत. दीड लाखांस अडीचनें भागिलें तर ६०,००० किलोमीटर येतात. भोर-पुणें अशी रोज जा-ये करून दिवसास १०० किलोमीटर, वर्षास ३०० दिवस गाडी चालविणारा भाडेकरी चालक हें अंतर दोन वर्षांत कापतो. त्यापुढची बचत त्याची मिळकत होय. परंतु गांवांतच नोकरी करणारे व महिन्यांत एक-दोन वेळां पुण्यास जाणारे एखादे शिक्षक वर्षास ६,००० किलोमीटर गाडी चालवीत असतील, तर त्यांस तेंच अंतर कापण्यास दहा वर्षें लागतील. तोंवर गाडीच जुनी होईल! गाडी तीच, घाट तोच. पण एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा. आपल्या गांवचे भाव व आंकडे घालून हाच हिशेब प्रत्येकास करतां येईल.

याखेरीज आणखी एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. सांठलेली काजळी जाळून टाकण्यास धूर चांगला तापावा लागतो व त्यासाठीं गाडी मधून मधून लांब पल्ल्यावर चालावी लागते. जी गाडी रोज घरापासून बाजारापर्यंतच जाते, तिची गाळणी तुंबते व खर्च उभा राहतो. म्हणजे थोड्या वापरास डिझेल महागच पडतें असें नव्हे, तर तें त्या कामास मानवतही नाहीं.

ही काजळी कांहीं क्षुल्लक वस्तु नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ मध्यें डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणारा ठरविला आहे. जुन्या, नीट न राखलेल्या गाडींतून चढावर निघणारा काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलें तेल. त्यांत मालकाचा पैसाही जातो आणि मागून सायकलीवर येणाऱ्या मुलाच्या छातींत विषही जातें. म्हणून इंजेक्टर व हवेची गाळणी वेळच्या वेळीं तपासून घेणें आणि शाळेच्या दारांत गाडी उभी असतां इंजिन बंद ठेवणें, हें मालकाच्या हिताचें तसेंच शेजारधर्माचेंही आहे.

सारांश, पेट्रोल श्रेष्ठ कीं डिझेल श्रेष्ठ, हा प्रश्नच अपुरा आहे. गाडी कोणतें काम करणार, किती ओझें वाहणार आणि वर्षास किती चालणार, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. रोज भरल्या गाडीनें घाट चढणाऱ्यानें डिझेल घेणें शहाणपणाचें; घरच्या थोड्या वापरास पेट्रोल बरें. उद्यां ही उत्तरें बदलतीलही. ज्या पुणें-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजीं एस. टी. ची पहिली गाडी धांवली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं 'शिवाई' ही विजेवर चालणारी गाडी सुरू झाली. इंधनें बदलतील, भाव बदलतील. पण शेजाऱ्याची गाडी पाहून निवड करण्यापेक्षां स्वतःच्या कामाचा हिशेब करून निवड करावी, हा धडा सर्व काळीं उपयोगी पडेल.