लोहाराचा पाय-शेगडा : दुरुस्ती व बसवणी

रोहिणी नक्षत्र लागले, की चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत लोहाराच्या भट्टीवर गर्दी होऊ लागते. कोणाच्या नांगराच्या फाळाला टोक काढावयाचे असते, कोणाच्या वखराची पास पाजवावयाची असते, तर कोणाच्या कुऱ्हाडीस पाणी द्यावयाचे असते. या दिवसांत एक अवजार अडले तर धानाच्या पऱ्ह्याची वेळ चुकते. म्हणून गावच्या लोहाराचे साहित्य सुस्थितीत असणे, ही शेतकऱ्याचीही गरज आहे.

या मुलुखात लोखंडाचे काम जुने आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा, तसेच 1982 साली स्वतंत्र झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड येथे लोहखनिज आहे, आणि लाकडी कोळशावर लोखंड गाळण्याचा धंदा या भागात पूर्वी चालत असे. आज अनेक भट्ट्यांवर जुना पाय-शेगडा गंजून पडलेला दिसतो व अखेर भंगारात जातो. तसे होऊ देऊ नये.

शेगड्याची ओळख

साधा बाक-शेगडा बिडाचा असतो. त्यावर घण पडला तर तो तडकतो. पाय-शेगडा घडीव लोखंडाचा असून त्याचा एक पाय लांब, थेट जमिनीपर्यंत पोहोचणारा असतो. जबड्यावर बसलेला घाव या पायावाटे जमिनीत उतरतो. लाल तापलेली पहार वाकविणे किंवा कडी घडविणे यास तोच योग्य होय. त्याचे सारे बळ पायाच्या टेकूत आहे, हे ध्यानात ठेवावे.

तपासणी

प्रथम आट्यांची तपासणी करावी. मळसूत्र पूर्ण बाहेर काढून आटे पुसावेत. आट्यांची धार चाकूसारखी पातळ झाली असेल, तर शेगडा अवजड कामास निरुपयोगी समजावा. आटे जाड असतील, तर वरचा गंज कितीही असला तरी दुरुस्ती करणे फायद्याचे ठरते. नंतर दोन्ही पाय, खालचा खिळा व जबड्यांवरील पोलादी तोंडे यांना तडे आहेत काय ते पाहावे.

दुरुस्ती

1. जाम झालेले भाग दोन-तीन दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवावेत. हे काम भट्टीपासून दूर करावे. खिळा लाकडी ठोकळा मध्ये धरून ठोकावा.

2. आट्यांची नळी मोकळी करण्यासाठी भट्टीत कधीही लाल करू नये. जुन्या शेगड्यांत नळीतील आटे बहुधा पितळेने झाळलेले असतात. पितळ वितळल्यास ते सुटतात व शेगडा कायमचा वाया जातो.

3. तारेच्या ब्रशाने गंज काढावा. जबड्यांची तोंडे कानशीने फार घासू नयेत. पोलादाचा थर पातळ असतो.

4. दोन पायांमधील कमान तुटली असेल, तर मालमोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवून पातळ करावा, बाक द्यावा व हवेतच निवू द्यावा.

5. मळसूत्राच्या डोक्याखालील चकती हरवली असल्यास नवी घडवावी. तिच्यावाचून हलता पाय झिजतो.

बसवणी

खांबासाठी ऐन किंवा खैराचे सुमारे 25 सेंटिमीटर जाडीचे वाळलेले लाकूड घ्यावे. ते वनविभागाच्या आगारातून पावतीसह घ्यावे. पुरावयाचा भाग डांबराने माखावा, म्हणजे वाळवी व ओल यांपासून संरक्षण मिळते. खड्डा 90 सेंटिमीटर खोल घेऊन खांबाभोवती दगड व मुरूम थराथराने धुमसावा. धानाच्या चिकण मातीत नुसता खांब पुरल्यास पावसाळ्यात तो कलतो.

जबड्याची वरची कड लोहाराच्या कोपराच्या उंचीस यावी. पायाखाली सपाट दगड पक्का बसवून त्यावर भोक असलेली लोखंडी पट्टी ठेवावी. पायाचे टोक त्या भोकात बसते व सरकत नाही. पाय अधांतरी राहिला, तर प्रत्येक घाव बोल्टांवर पडतो आणि ते सैल होतात. पाय टेकल्यावरच पट्टा व पाचर ठोकून शेगडा आवळावा. शेवटी जबड्यांच्या दोन्ही टोकांस कागदाची पट्टी धरून पाहावी. दोन्ही सारख्या घट्ट धरल्या गेल्या, म्हणजे जबडे सरळ आहेत असे समजावे.

निगा

दर आठवड्यास आटे पुसून वंगण लावावे. भट्टीची राख व लोखंडाची खपली त्यांत साचू देऊ नये. दांड्यास नळी जोडून किंवा हातोडा मारून आवळू नये. रात्री जबडे किंचित सैल ठेवावेत व वर छप्पर असावे.

ही सर्व कामे चैत्र-वैशाखात उरकावीत. गावाने पंचायतीत ठरवून खांबाचा खर्च वाटून घेतला, तर लोहारावर भार पडणार नाही, आणि पहिला पाऊस पडेल तेव्हा कोणाचाही फाळ भट्टीवर अडून राहणार नाही.