शेकरूचा पत्ता

मंडळी, पाकिटावर पत्ता लिहायला आपण शिकलो. आधी नाव, मग घर आणि वाडी, मग गाव, तालुका, जिल्हा. एका गावात एकाच नावाची दोन माणसे असली, तरी पत्ता बरोबर असला म्हणजे पोस्टमन चुकत नाही.

रानातल्या प्राण्यालाही पत्ता असतो. तो दोन प्रकारचा. एक घराण्याचा. त्याचे कूळ कोणते, भाऊबंद कोण, हे त्यावरून कळते. दुसरा राहण्याचा. तो कोणत्या रानात, कोणत्या झाडांवर राहतो, हे त्यावरून कळते. आज आपण शेकरूचे हे दोन्ही पत्ते वाचू.

शेकरू कोण?

शेकरू म्हणजे मोठी खार. आपल्या भागात कोणी त्याला शेकरो म्हणतात. पाठीवर पट्टे असलेली लहान खार, म्हणजे आपली चानी, आपण अंगणात रोज पाहतो. ती ओंजळीत मावेल. शेकरू मात्र नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फूट भरतो. वजन दीड ते दोन किलो. पाठ तांबूस किरमिजी, पोट फिकट पिवळसर. शेपूट झुबकेदार, अंगाएवढी किंवा थोडी जास्तच लांब. पाठीवर पट्टे नाहीत. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

घराण्याचा पत्ता

शेकरूची पिल्ले आईचे दूध पितात. म्हणून तो सस्तन वर्गातला. गाय, वाघ, माणूस हेही त्याच वर्गातले. हा झाला त्याचा जिल्हा.

आता तालुका पाहू. शेकरूचे पुढचे दात पाहा. वर दोन, खाली दोन. सुताराच्या पटाशीसारखे धारदार. हे दात जन्मभर वाढतात. म्हणून त्याला सारखे काहीतरी कुरतडावे लागते. न कुरतडले तर दात वाढून तोंड मिटणार नाही. अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटाला कृंतक गण म्हणतात. उंदीर, घूस, साळिंदर आणि खार हे सगळे कृंतक. जगात सस्तन प्राण्यांच्या जितक्या जाती आहेत, त्यांत दर पाचांमागे दोन कृंतकांच्या आहेत. एवढे मोठे हे गोत.

इथे एक गंमत सांगतो. चिचुंदरी उंदरासारखी दिसते, पण ती कृंतक नाही. ती किडे खाणारी, तिच्या दातांची ठेवण निराळी. ससाही कुरतडतो, पण त्याच्या वरच्या दोन दातांमागे आणखी दोन बारीक दात असतात. म्हणून त्याचा गण वेगळा. तोंडावरून नाते ठरत नाही. दात मोजावे लागतात.

कृंतकांत खारींचे एक कूळ आहे. ते गाव समजा. त्या गावात मोठ्या खारींची एक वाडी आहे. तिचे शास्त्रातले नाव रटुफा. या वाडीत चारच घरे, म्हणजे जगात मोठ्या खारींच्या चारच जाती. त्यांतल्या तीन भारतात आहेत. काळी मोठी खार ईशान्य भारतात राहते. करड्या रंगाची तमिळनाडू, केरळात आणि श्रीलंकेत राहते. तिसरा आपला शेकरू. त्याचे शास्त्रातले नाव रटुफा इंडिका. इंडिका म्हणजे भारतातला. हे नाव शोभते, कारण हा प्राणी भारताबाहेर कोणत्याही रानात सापडत नाही. अर्क्सलेबेन नावाच्या जर्मन पंडिताने १७७७ साली शास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद केली. आपल्या आजोबा-पणजोबांना तो अर्थातच त्याआधीपासून ठाऊक होता.

राहण्याचा पत्ता

आमचा जन्म मालवणच्या किनाऱ्यावरचा. लहानपणी आम्ही शेकरू फक्त चित्रात पाहिला. किनाऱ्याला झाडे काय कमी आहेत? माड आहेत, आंबे आहेत, सुरू आहे. पण मधे उघडे सडे, कातळ, शेते आणि रस्ते. शेकरूला झाडे असून भागत नाही. झाडाला झाड लागून असावे लागते.

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढू लागलो, म्हणजे असे रान लागते. आंबोली समुद्रापासून सुमारे सव्वादोन हजार फूट उंच. तिथे वर्षाला अडीचशे इंचांहून जास्त पाऊस पडतो. त्या पावसावर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशी दाट झाडी वाढते. दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या बाजूलाही असे रान आहे. तिथल्या वनाच्या एका भागाला सरकारने २०२० साली संरक्षण दिले. पुणे जिल्ह्याकडचे भीमाशंकरचे अभयारण्य तर १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठीच जाहीर झाले.

अशा रानात फांद्यांत फांद्या गुंतून वर एक छप्पर तयार होते. तेच शेकरूचे गाव. तो दिवसा हिंडतो, रात्री झोपतो. फळे, बिया, फुले, कोवळी साल खातो. मागच्या पायांनी फांदी धरतो, शेपूट खाली सोडून तोल सांभाळतो आणि पुढच्या पायांत फळ धरून खातो. उंच झाडाच्या शेंड्याकडे काटक्या आणि पाने रचून घरटे करतो. एकच नाही, दोन-चार घरटी बांधून ठेवतो. पिल्ले थोडी, एका वेळी बहुधा एक किंवा दोन.

जमिनीवर तो सहसा उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारतो. त्याची उडी वीस फुटांपर्यंत जाते. हा आकडा ध्यानात ठेवा.

आमची एक चूक

घाटाच्या पायथ्याच्या एका शाळेत आम्ही मुख्याध्यापक होतो. शाळेच्या एका अंगाला देवरहाटी, दुसऱ्या अंगाला डोंगराचे रान. मधे शाळेला लागून एक मोठे जांभळाचे झाड. जांभळे पिकली, की रानातून शेकरू त्या झाडावर येई आणि तिथून देवरहाटीत जाई. सुट्टीतही मुले त्याला बघायला शाळेशी जमत.

पण झाडाचा पाला कौलांवर साचे. पावसाळ्यात वर्गात गळती लागे. एका वर्षी आम्ही लागेल तो परवाना काढून झाड तोडविले. कौले नीट झाली, वर्ग कोरडे राहिले. आम्हांला वाटले, चांगले काम झाले.

पुढच्या वर्षी शेकरू रानाच्या कडेच्या फांदीवर आला. टोकापर्यंत आला, थांबला, मान वाकडी करून बघत राहिला आणि परत फिरला. मधे चाळीस फुटांचे मोकळे आभाळ होते. तिसऱ्या वर्षापासून तो आलाच नाही. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी आम्हांला म्हणाली, "गुरुजी, तुमी झाड नाय तोडलास, शेकऱ्याची वाट तोडलास."

आम्ही शिकलेले, ती निरक्षर. पण रानाचा पत्ता तिला वाचता येत होता, आम्हांला येत नव्हता.

एका झाडाने एवढे झाले. मग डोंगरच्या डोंगर साफ करून एकाच जातीची लागवड केली, तर काय होईल? गुजरातेत डांगच्या रानात फिकट रंगाचा शेकरू होता. तो आता नाहीसा झाला असे मानतात.

आपण काय करावे?

काही ठिकाणी शेकरू बागेत शिरून नारळ, फणस कुरतडतो. नुकसान होते हे खरे. तरी त्याला मारू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आपल्या जमिनीतले झाड तोडण्याआधी एकदा वर मान करून बघावे. वर घरटे आहे का? हे झाड दोन बाजूंच्या झाडीला जोडते का? जोडत असेल, तर ते ठेवून दुसरे निवडावे. काजू लावताना बांधावरची जुनी झाडे राखावीत. देवरहाटी तर राखावीच.

आम्ही त्याच जागी, कौलांपासून थोडे दूर, जांभळाचे रोप लावले. आम्ही निवृत्त झालो तेव्हा ते कौलाच्या उंचीला आले होते. परवा जाऊन पाहिले. आता दोन्ही बाजूंचे अंतर वीस फुटांच्या आत आले आहे. शेकरू अजून आलेला नाही. मुले रोज वर बघतात.

शब्दांचे अर्थ

सस्तन – पिल्लांना दूध पाजणारे प्राणी
कृंतक – कुरतडणारे प्राणी
देवरहाटी – देवाच्या नावाने राखलेले रान

प्रश्न

१. चिचुंदरी उंदरासारखी दिसते, तरी ती कृंतक का नाही?
२. मालवणच्या किनाऱ्यावर झाडे असूनही शेकरू का राहत नाही?
३. म्हातारीच्या बोलण्याचा अर्थ काय?
४. आपल्या गावात दोन रानांना जोडणारी झाडे कोठे आहेत, ते पाहून या आणि पाच ओळी लिहा.