चालण्याचा व्यायाम

मूल दोन वर्षांचे होऊनही पाऊल टाकीत नाही, हाताला धरून उभे केले तर टाचा जमिनीला टेकत नाहीत आणि गुडघे एकमेकांवर आदळतात, असे दिसू लागले की मातापित्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : हे मूल चालेल का? कोलकात्यातील असो वा कोल्हापुरातील, या प्रश्नातील आर्तता सारखीच असते. उत्तर मात्र प्रत्येक मुलाचे वेगळे असते, आणि ते शोधण्याची रीत गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळच पालटली आहे.

सेरेब्रल पाल्सी हा एकच एक रोग नव्हे. वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा त्यानंतर अल्पकाळात पोहोचलेल्या इजेतून उद्भवणाऱ्या अनेक अवस्थांचे ते सामायिक नाव आहे. अकाली जन्म, प्राणवायूचा तुटवडा, तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग ही त्यामागील काही कारणे होत. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही, पण शरीर वाढते. हाडे लांब होतात आणि ताठरलेले स्नायू त्यांच्याबरोबर लांबत नाहीत. त्यामुळे पाचव्या वर्षी चवड्यांवर का होईना, पण तुरुतुरु चालणारे मूल बाराव्या-तेराव्या वर्षी गुडघे वाकवून, अर्धवट बसल्यासारखे चालू लागते. घरच्यांना वाटते, रोग बळावला. वस्तुतः बळावलेले असते ते केवळ शरीर.

या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे मांडले. बालपणीच्या आजारामुळे स्वतः लिटल यांचेच एक पाऊल वाकडे झाले होते. त्यानंतर बराच काळ उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, पट्टे आणि लोखंडी आधार एवढाच अर्थ होता. मध्य युरोपातून निर्वासित होऊन लंडनला आलेल्या बेर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने १९४० च्या दशकात निराळी वाट धरली. मुलाचे शरीर हातांनी सावरून ताठरपणा आवरावा आणि योग्य हालचालींचा अनुभव त्याला द्यावा, ही त्यांची पद्धत. तिचा प्रभाव जगभर पसरला.

भारतात या मुलांसाठी संघटित काम सुरू झाले ते १९७२ साली, मुंबईत मिथू आलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली तेव्हा. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, तेव्हाच्या कलकत्त्यात सुधा कौल यांच्या पुढाकाराने पूर्व भारतासाठी अशीच संस्था उभी राहिली. आज ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या नावाने तारातला भागात काम करते. या संस्थांनी उपचाराला शिक्षणाची जोड दिली, ही गोष्ट व्यायामाच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरली. व्यायाम हा मुलाच्या दिवसाचा एक भाग झाला. सारा दिवस व्यायामाने व्यापून टाकावा, हा आग्रह मागे पडू लागला.

पूर्वीच्या विचारात एक भीती दडलेली होती. स्नायू आधीच ताठ आहेत, त्यांना बळकट करण्याचा व्यायाम दिला तर ते अधिकच ताठरतील, असे मानले जाई. १९९० च्या दशकातील अभ्यासांनी ही भीती निराधार ठरविली. ताठर दिसणारा स्नायू बहुधा दुबळाही असतो. वजन पेलण्याचा क्रमाने वाढत जाणारा व्यायाम दिल्यास त्याची शक्ती वाढते आणि ताठरपणा मात्र वाढत नाही. तथापि केवळ शक्ती आली म्हणून चाल सुधारतेच असे नाही, हेही त्याच ओघात ध्यानी आले. तसेच पाठीवर निजवून पाय ताणून देण्याचा जो विधी घरोघरी सकाळ-संध्याकाळ मुलाच्या रडण्यासह चालतो, त्याचा परिणाम फार अल्पकाळ टिकतो. स्नायूची लांबी राखण्यासाठी रोज दीर्घकाळ वापरलेली पावलांची पट्टी किंवा उभे राहण्याची चौकट अधिक उपयोगी पडते.

मग चाल सुधारते कशाने? उत्तर ऐकून कोणी हसेलही : चालण्याने. मुलाने स्वतःच्या प्रयत्नाने, स्वतःला हव्या असलेल्या ठिकाणी जाण्यासाठी, पुन्हा पुन्हा केलेला सराव हाच चालण्याचा सर्वांत भरवशाचा व्यायाम होय. दुसऱ्याने हलविलेल्या पायापासून मेंदू फारसे शिकत नाही. स्वतः केलेल्या आणि चुकलेल्या प्रयत्नापासून मात्र तो शिकतो. काही ठिकाणी सरकत्या पट्ट्याच्या यंत्रावर असा सराव घेतला जातो. यंत्र नसले म्हणून काही अडत नाही.

बंगाली घरात वेताचे मोडा नावाचे बसके आसन असते. त्यावर बसून हात न टेकता उठणे आणि सावकाश पुन्हा बसणे यात मांडीचे, नितंबाचे आणि पोटऱ्यांचे स्नायू एकाच वेळी कामी येतात. पाठीवरच्या पिशवीत पुस्तके घातली की भार वाढला. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांना रस्त्याकडेला रोआक, म्हणजे आपल्याकडचा ओटा असतो. त्याची एक पायरी चढणे-उतरणे हा दुसरा व्यायाम, आणि तेथे बसलेली शेजारची मुले हे त्याचे प्रलोभन. अंगणात बांबूच्या दोन आडव्या दांड्या कमरेच्या उंचीवर बांधल्या की त्यांच्या आधाराने चालता येते. समजा, एखाद्या मुलीला दुर्गापूजेत आपल्या पाड्यातील मंडपापर्यंत स्वतः चालत जायचे आहे. मग उपचारकाने अंतर मोजावे, वाटेतील उंच पदपथ आणि गर्दी ध्यानात घ्यावी, आणि श्रावणापासूनच तेवढ्या अंतराचा सराव थोडा थोडा वाढवीत न्यावा. गुडघा किती अंशांत सरळ होतो यापेक्षा मंडप गाठला की नाही, ही मोजणी मुलीला अधिक समजते.

मात्र प्रत्येक मुलाला हे साधेल असे आश्वासन कोणी देऊ नये. १९९७ साली कॅनडात तयार झालेल्या वर्गीकरणात मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर मानले आहेत. पहिल्या दोन स्तरांतील मुले बहुतेक आधाराविना चालतात, तिसऱ्यातील मुले कुबड्या किंवा चालण्याची चौकट घेऊन, तर चौथ्या-पाचव्या स्तरातील मुलांना मुख्यतः चाकाची खुर्ची लागते. दोन वर्षांच्या सुमारास मूल आधाराविना बसू लागले असेल तर ते शुभचिन्ह मानतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मुले आपल्या हालचालींच्या क्षमतेचा बहुतांश पल्ला साधारण पाचव्या वर्षापर्यंत गाठतात, आणि अधिक बाधित मुले त्याहूनही आधी. म्हणून आरंभ लवकर करणे अगत्याचे. दहा वर्षांच्या मुलाची शाळा सोडवून त्याला दिवसभर व्यायामाला जुंपणे मात्र अन्यायाचे.

चालण्याला लागणारी ऊर्जा हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. या मुलांना तेवढेच अंतर चालण्यास इतरांच्या दुपटी-तिपटीने श्रम पडू शकतात. वर्गापर्यंत चालत पोहोचलेले मूल जर पहिल्या तासाला थकून डोके टेकत असेल, तर त्याने घरात चालावे आणि शाळेत चाकाच्या खुर्चीतून जावे, यात पराभव कसला? अनेक मातापित्यांना ही खुर्ची म्हणजे आशा सोडल्याची कबुली वाटते. उपचारकाला ही समजूत दूर करण्यात पुष्कळदा व्यायामापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो.

शिवाय पावले कितीही सुधारली तरी वाट अडविणारे दुसरेच असू शकतात. कोलकात्याच्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये एका परिषदेसाठी गोव्यास निघालेल्या असताना, विमानात आसनावर बसल्यानंतर त्यांना खाली उतरविण्यात आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

वयात येण्याचा काळ सर्वांत नाजूक. उंची आणि वजन झपाट्याने वाढते, स्नायूंची शक्ती मागे पडते आणि चालणारी मुलेही बसून राहू लागतात. याच वयात उपचारकेंद्राची वाट सुटते, कारण आता त्यांना उचलून बसमध्ये चढविणे आईला झेपत नाही. अशा मुलांसाठी तीनचाकी सायकल, पोहणे, मित्रांबरोबरचा खेळ हे व्यायाम टिकून राहतात. आणि नितंबाच्या सांध्याची क्ष-किरण तपासणी ठरावीक अंतराने व्हावी लागते, कारण सांधा निखळू लागला तरी प्रारंभी तो दुखत नाही.