पाठ ११ : सुब्रतो मुखर्जी आणि मोज्यातली काडतुसं

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण शनिवारी सकाळी सॉकर खेळून, तसेच घामाघूम, मराठीच्या वर्गाला बसता. म्हणून आजचा पाठ मैदानापासूनच सुरू करू. भारतात सॉकरला फुटबॉल म्हणतात. माझ्या शाळेत दर पावसाळ्यात सूचनाफलकावर एक कागद लागायचा : 'सुब्रतो कप, संघनिवड, मधल्या सुट्टीत मैदानावर या.' आम्ही डबा अर्धा टाकून पळायचो. हे सुब्रतो कोण, ते मात्र कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, असेल कुणीतरी जुना गोलकीपर. खूप वर्षांनी कळलं की ते वैमानिक होते, आणि भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख होते.

'भारतीय हवाई दलाचे भारतीय प्रमुख' हे जरा विचित्र वाटतं ना? प्रमुख भारतीयच असणार! पण तसं नव्हतं. का, ते पुढे येईलच.

सुब्रतो मुखर्जी यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकात्यात झाला. वडील मोठे सरकारी अधिकारी होते. घरात विमानाचं नाव आधीच पोचलेलं होतं. त्यांच्या नात्यातला इंद्रलाल रॉय हा तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने विमान उडवत होता. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याने शत्रूची दहा विमानं पाडली, आणि त्याच महिन्यात तो मारला गेला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि सुब्रतो सात वर्षांचे.

त्या काळी भारतावर इंग्रजांचं राज्य होतं. भारतीय माणूस सैन्यात शिपाई होऊ शकतो, पण विमान चालवणं आणि अधिकारी म्हणून हुकूम देणं त्याला जमणार नाही, असं अनेक इंग्रजांना वाटायचं. शेवटी भारतीय पुढाऱ्यांच्या आग्रहाने काही जागा मिळाल्या. १९३० मध्ये सहा भारतीय तरुण इंग्लंडमधल्या क्रॅनवेल इथल्या हवाई दलाच्या कॉलेजात गेले. सुब्रतो त्यांच्यातलेच एक. पाच जण वैमानिक झाले. सहाव्याची उंची कमी पडली, म्हणून त्याला सामानसुमानाचा विभाग मिळाला. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल स्थापन झालं. आजही ८ ऑक्टोबर हा हवाई दल दिन आहे.

पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड इथे सुरू झाली. एप्रिल फूलचाच दिवस, पण ही काही थट्टा नव्हती! विमानं किती? चार. त्यांचं नाव वापिटी. एकावर एक असे दोन पंख, वरून उघडं, पुढे वैमानिक आणि मागे बंदूक चालवणारा. विमानांची देखभाल करणाऱ्या जवानांना 'हवाई सिपाही' म्हणत. मला हा शब्द फार आवडतो.

सुरुवात मात्र वाईट झाली. पाच वैमानिकांपैकी दोघे थोड्याच काळात विमान अपघातात गेले. राहिलेल्यांच्या प्रत्येक उड्डाणाकडे लोक डोळ्यांत तेल घालून बघत होते. एखादी चूक झाली की 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असं म्हणायला माणसं तयारच होती. तुम्ही वर्गात एकटेच मराठी असाल तर हे थोडंफार समजेल. एकाने चूक केली की ती सगळ्यांच्या नावावर लागते.

नंतर ही स्क्वाड्रन वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानात गेली. हा भाग आज पाकिस्तानात आहे. उघडेबोडके डोंगर, अरुंद खिंडी आणि इंग्रजांशी लढणारे पठाण. इथे मी थोडा अडखळतो, तेही सांगून टाकतो. पठाण आपल्याच मुलखासाठी लढत होते आणि आपले वैमानिक इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. वर्गात यावर जरूर बोलू.

याच डोंगरांत ती मोज्यांची गोष्ट घडली. सैन्याच्या एका चौकीला शत्रूने वेढा घातला होता आणि चौकीतला दारूगोळा संपत आला होता. वरून उडणाऱ्या मुखर्जींच्या ते लक्षात आलं. पण विमानातून खाली टाकायला ना पेटी होती, ना पॅराशूट. विमानात होतं काय? मागच्या बंदुकीची काडतुसं. बंदूक सांभाळणारे कर्तार सिंग यांनी ती गोल डब्यांतून एकेक करून बाहेर काढली. आता नुसती टाकली तर दगडांत विखरून जाणार. मग कर्तार सिंगांनी पायातले मोजे काढले, त्यांत काडतुसं भरली, आणि मुखर्जींनी विमान अगदी खाली आणल्यावर मोजे चौकीवर टाकले. वरून दोघांवर गोळ्या झाडल्या जात होत्या, आणि आता त्यांच्या स्वतःच्या बंदुकीत फारसं काही उरलं नव्हतं! चौकीतले जवान मदत येईपर्यंत टिकले. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे : उड्डाण धाडसाचं होतं, पण विचार घरगुती होता. आपली आजी रिकाम्या दुधाच्या पिशवीत मोहरी भरून ठेवते ना, तसा.

१९३९ मध्ये ते स्क्वाड्रनचे पहिले भारतीय प्रमुख झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोहाटचा हवाई तळही त्यांच्याकडे आला. तिथेही पहिले भारतीय तेच.

त्याच १९३९ साली त्यांचं लग्न शारदा पंडित यांच्याशी झालं. शारदाबाई आपल्या मराठी घरातल्या. पुढे त्या रत्नागिरीतून दोनदा लोकसभेवर निवडून आल्या, आणि नंतर आंध्र प्रदेश व गुजरातच्या राज्यपालही झाल्या. त्यांच्यावर वेगळा पाठ लिहायला हवा.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. कालपर्यंत एका मेसमध्ये जेवणारे अधिकारी दोन देशांत वाटले गेले. विमानं आणि सामानही वाटलं गेलं. त्या वाटपाच्या कामात मुखर्जी होते. आता सगळ्यात वरची खुर्ची त्यांना लगेच मिळाली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्यांचं मत वेगळं होतं. आमचे अधिकारी अजून तरुण आहेत, मोठं दल चालवायचा अनुभव कमी आहे, काही वर्षं इंग्रज प्रमुख राहू देत. म्हणून स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले तीन प्रमुख ब्रिटिश होते. मुखर्जी त्यांच्या हाताखाली काम करत राहिले. १ एप्रिल १९५४ रोजी, म्हणजे पहिली स्क्वाड्रन सुरू झाल्यावर बरोबर २१ वर्षांनी, ते प्रमुख झाले. त्यांचं हे थांबणं बरोबर होतं का? मला वाटतं, होतं. पण आमच्या घरीच यावर दोन मतं आहेत.

त्यांच्या काळात हवाई दलात मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा, नॅट अशी जेट विमानं आली. चार वापिटींपासून जेटपर्यंतचा सगळा प्रवास एकाच माणसाने आतून पाहिला.

नोव्हेंबर १९६० मध्ये मुखर्जी एअर इंडियाच्या विमानाने टोकियोला गेले. ८ नोव्हेंबरला तिथे मित्राबरोबर जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४९.

त्यांना फुटबॉलचं वेड होतं. सगळ्या देशातल्या शाळांसाठी एक स्पर्धा असावी, असं त्यांना वाटायचं. तीच स्पर्धा १९६० पासून त्यांच्या नावाने चालू आहे. मी तिच्या संघनिवडीत तीनदा गेलो. तीनदाही पहिल्याच दिवशी बाहेर!

शब्दार्थ
चौकी : सैनिकांनी पहारा देण्याची लहान जागा
वेढा घालणे : चारी बाजूंनी अडवून ठेवणे
काडतूस : बंदुकीत भरायची गोळी (अनेकवचन : काडतुसं)
डोळ्यांत तेल घालून बघणे : अतिशय बारकाईने लक्ष ठेवणे
फाळणी : देशाचे तुकडे होणे

भाषेकडे लक्ष द्या
पाठात 'इंद्रलाल १९ वर्षांचा होता', पण 'मुखर्जी वैमानिक होते' असं लिहिलं आहे. दोघंही एकेकटेच, मग 'होता' आणि 'होते' असा फरक का? पाठातून अशी आणखी तीन वाक्यं शोधा.

बोला आणि लिहा
१. काडतुसं नुसतीच खाली टाकली असती तर काय झालं असतं?
२. १९४७ मध्ये तुम्ही मुखर्जींच्या जागी असता तर थांबला असता का? पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांनी पहिल्यांदा विमान कधी आणि कुठे पाहिलं? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. चुकीचं मराठी चालेल, गुगलचं भाषांतर चालणार नाही.