बालपणाची साक्ष : हान्स अँडरसनच्या आत्मकथनांच्या निमित्ताने

बालसाहित्यिकांवरील आपल्याकडील प्रबंधांचे पहिले प्रकरण बहुधा ‘जीवन व व्यक्तिमत्त्व’ या नावाचे असते आणि त्यात एक विधान हमखास आढळते : लेखक लहानपणी लाजाळू, एकलकोंडा व स्वप्नात रमणारा होता. पुढील प्रकरणांतून त्याच्या कथांतील अद्भुताची संगती या विधानाशी लावली जाते. या पद्धतीत एक घोटाळा आहे. ते लाजाळू मूल आपल्याला भेटते ते लेखकाच्याच आत्मकथनात, आणि ते कथन पुष्कळदा कीर्ती मिळाल्यानंतरचे असते. कथांचे कारण म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, ते त्याच लेखणीतून उतरलेले असते. हान्स ख्रिश्चन अँडरसन (१८०५–१८७५) याच्याबाबतीत हा प्रश्न तपासून पाहण्याची सोय आहे; कारण त्याने आपले बालपण तीनदा लिहिले आहे.

त्याच्या बालपणाचे तपशील परिचित आहेत. डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी चांभारकाम करणारा बाप, लोकांचे कपडे धुणारी आई, घर म्हणजे एक खोली. बापाने मुलाला अरबी कथा वाचून दाखवल्या, बाहुल्यांचे छोटे रंगमंच करून दिले आणि १८१६ मध्ये तो वारला. मुलगा बाहुल्यांचे कपडे शिवीत बसे, इतर मुलांत क्वचितच मिसळे. परसातील झुडपाशी आईचा ॲप्रन ताणून त्याखाली तो तासन्‌तास बसून राही. डोळे मिटून चालण्याची त्याला इतकी सवय होती, की त्याची दृष्टी अधू आहे असे लोकांना वाटे.

परंतु हेच मूल परक्यांसमोर गाणी म्हणण्यास, नाटकातील उतारे म्हणून दाखवण्यास कधी कचरत नसे. १८१९ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते एकटे कोपनहेगनला गेले आणि एका प्रसिद्ध नर्तकीच्या घरी, बूट काढून, तिच्यासमोर नाचू लागले. तिला तो मुलगा वेडा वाटला. ‘लाजाळू’ हे विशेषण येथे पुरे पडत नाही. समवयस्कांत मिटून जाणे आणि श्रोत्यांसमोर मोकळे होणे या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

आता तीन आत्मकथने पाहू. पहिले १८३२ मधील, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेले. ते हस्तलिखितातच राहिले आणि १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे १८४७ मध्ये जर्मन भाषेत निघाले, तिसरे १८५५ मध्ये डॅनिशमध्ये. नंतरच्या दोहोंच्या शीर्षकांतच जीवनाला परीकथा म्हटले आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचे आहे ते पहिले. कारण ते परीकथांची पहिली पुस्तिका निघण्याच्या तीन वर्षे आधीचे आहे. बाहुल्यांत रमणारा मुलगा त्यातही आहे. म्हणजे तो मागाहून रचलेला नाही, एवढे मान्य करावे लागते. मात्र त्या कथनातील मुलगा कवी होण्याच्या वाटेवर आहे. मुलांसाठी लिहिणारा लेखक त्यात कोठेही दिसत नाही. स्वप्नाळूपणाने प्रतिभेचा उगम कदाचित सांगता येईल, वाङ्मयप्रकाराची निवड सांगता येत नाही.

त्या निवडीचा शोध भाषेत घ्यावयास हवा. १८२२ मध्ये, सतराव्या वर्षी, अँडरसनला लॅटिन शाळेत घालण्यात आले. वर्गातील मुले त्याच्याहून कितीतरी लहान होती आणि मुख्याध्यापकांनी त्याला कविता लिहिण्यास मनाई केली होती. त्याच काळात, १८२६ मध्ये, त्याने मरणासन्न मुलावरील कविता लिहिली. तीत आई बोलत नाही, मूल बोलते. मला हे वळण ॲप्रनखालच्या स्वप्नांहून अधिक निर्णायक वाटते.

पुढे कोपनहेगनमध्ये स्वतःचे बिऱ्हाड असे त्याला नव्हते. ठरलेल्या वारी ठरलेल्या कुटुंबांत तो जेवावयास जाई आणि तेथील मुलांना गोष्टी सांगे. त्या घरांपैकी एका घरातील त्याच्या मित्राने नोंदवून ठेवले आहे, की सांगताना तो साधे वाक्यही उद्गारांनी, हावभावांनी जिवंत करी. १८३५ च्या पुस्तिकेत चार कथा आहेत. पैकी तीन त्याने लहानपणी ऐकलेल्या लोककथांवर आधारलेल्या आहेत. त्याची आजी वेड्यांच्या इस्पितळातील बागेची देखभाल करी आणि तेथे सूत कातणाऱ्या बायका त्या मुलाला गोष्टी सांगत. तो सांगण्याचा सूर त्याने छापील डॅनिशमध्ये आणला. समीक्षकांना तो रुचला नाही. बोलण्यासारखे लिहिणे आणि बोध नसणे हे दोष त्यांनी दाखवले. (बोधाची ही मागणी मराठी बालसाहित्याच्या समीक्षकाला अपरिचित वाटू नये.)

‘मुलांसाठी सांगितलेल्या’ ही उपाधी त्याने १८४३ च्या अखेरच्या संग्रहापासून काढून टाकली. कुरूप बदकपिलाची कथा याच संग्रहातील. म्हणजे १८४७ चे आत्मचरित्र या कथेनंतरचे आहे. हिणवलेल्या पिलाचा राजहंस होणे हा घाट कथेत आधी सिद्ध झाला, जीवनकथेत मागाहून. चरित्रावरून कथा समजावून घेणाऱ्या अभ्यासकाने या दोन सालांचा क्रम तरी डोळ्यांसमोर ठेवावा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीही श्यामने रात्री आश्रमातील मित्रांना सांगितलेली कथा आहे, आणि तिच्यातील प्रसंग आपले प्रबंध अजूनही गुरुजींच्या चरित्राचा पुरावा म्हणून, पृष्ठक्रमांकासह, उद्धृत करीत असतात.