वसईच्या हवेत जुना टेनर बँजो लावताना

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या जॅझ पथकांत चार तारांचा टेनर बँजो ताल धरायला असायचाच. मायक्रोफोन येण्याआधी ध्वनिमुद्रण कर्ण्यासमोर व्हायचं, आणि त्यात याचा ठणठणीत आवाज नीट उमटायचा. पुढे गिटारने त्याची जागा घेतली. १९३५मध्ये लिऑन ॲबीचं पथक मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आलं, तोवर बँजोचे दिवस सरले होते. आज असा बँजो हाती आलाच, तर तो माळ्यावरच्या पेटीतून नाहीतर जुन्या बाजारातून. वसई-विरारच्या दुकानात मात्र ‘बेंजो’ म्हटलं की हळदीत वाजतो तो कळांचा बेंजो पुढे येईल. ते वाद्य निराळं.

काम दिवाळीनंतर काढा. कारण पुढे येईलच.

आधी ओळख पटवा. टेनरच्या चारही खुंट्या दांडीच्या टोकाला असतात. दांडीच्या मध्येच पाचवी खुंटी दिसली, तर तो टेनर नव्हे. मग टोकाच्या खाचपट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. २१ ते २३ इंच भरलं की टेनर. २६च्या आसपास गेलं तर तो प्लेक्ट्रम बँजो, त्याचे सूर वेगळे. चामडं ताणलेल्या गोल कड्याच्या आत टॉर्च मारा. बोस्टनच्या वेगा कंपनीच्या वाद्यांत आतल्या लाकडी काठीवर क्रमांक ठोकलेला असतो. तो टिपून घ्या, फोटो काढा. धातूचे भाग पितांबरीने घासायचा मोह आवरा. निकेलचा मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गेला. कोरडं सुती फडकं पुरे.

आता चामडं, सगळा जीव त्यातच आहे. वासराचं मूळ चामडं शाबूत असेल तर ते वाचवा. बोटाने दाबून पाहा, कडेला चीर आहे का तपासा. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा पिऊन चामडं सैल पडतं, आवाज बसतो आणि माणूस चामडं ताणणाऱ्या, कड्याभोवतीच्या आकड्यांचे नट पिळत सुटतो. मग पावसाळा सरून हवा कोरडी झाली की तेच चामडं आक्रसतं आणि फाटतं. म्हणून कसायचं ते हवा स्थिरावल्यावर.

तारा सैल करा. एक नट पाव फेरा फिरवा, मग त्याच्या बरोब्बर समोरचा, मग काटकोनातले दोन. मोटारीचं चाक बसवताना आवळतो तसे. एक फेरी झाली की वाद्य रात्रभर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक आकड्यापासून इंचभर आत बोटाने टिचकी मारा आणि तबलजी घर तपासतो तसं ऐका. उतरलेल्या जागीच नट पाव फेरा आवळा. सगळीकडे एकच सूर येईपर्यंत हेच चालू द्या. जुन्या चामड्याला फार चढवू नका. हलगी शेकतात तसा बँजो शेकायचा विचारही नको; कड्याचा सरस सुटतो.

चामडं फाटलेलंच असेल तर ढोलकी मढवणाऱ्याकडे जा. शेळीचं पातळ चामडं चालतं. प्लॅस्टिकचं घालायचं असेल तर आधी कड्याचा व्यास मोजा. आज ११ इंची सहज मिळतं, पण जुनी कडी नेमकी ११ इंची असतातच असं नाही.

टेनरच्या तारा वसईत मिळणं कठीण, पण वाट आहे. इलेक्ट्रिक गिटारचा ९–४२चा संच घ्या. त्यातल्या ९, १६, २४ आणि ३२ या चार तारा टेनरला बसतात. टोकाची पितळी गोळी पकडीने काढून टाका, मागे फासा उरतो. तो तारा बांधायच्या पट्टीच्या आकड्यात अडकवा. जाड तारा घालू नका, शंभर वर्षांची दांडी वाकेल.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी राहते. खाचपट्टी ते बारावा पडदा जेवढं, तेवढंच अंतर पुढे मोजून ती ठेवा. मग बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून छेडा आणि नंतर दाबून छेडा. दाबलेला सूर चढा लागला तर घोडी मागे, उतरला तर दांडीकडे सरकवा.

सूर हार्मोनियमवरून लावा. जाड तार मंद्र सप्तकातली पांढरी एक, मग त्याच सप्तकातली पांढरी पाच. पुढच्या दोन मध्य सप्तकातल्या पांढरी दोन आणि पांढरी सहा. शेजारच्या तारांत सा-प एवढंच अंतर. नवी तार ताणते, आठवडाभर रोज सूर लावावा लागेल.

जूनच्या आधी तारा एक-दोन सूर उतरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. भर पावसात वाजवायचंच असेल, तर प्लॅस्टिकला पर्याय नाही. मूळ चामडं ते ज्या बारीक रिंगवर मढवलेलं असतं तिच्यासकट उतरवून कपाटात जपून ठेवा.